मूळचे कुठले? मोरा बंदरावरच्या बिऱ्हाडांचा इतिहास

'मूळचे कुठले?' हा आपल्याकडे नाव सांगितल्यावर येणारा दुसरा प्रश्न. आडनावाच्या शेवटी 'कर' असलं की गावाचं नाव ऐकून विचारणाऱ्याचं समाधान होतं. मुसलमानाच्या बाबतीत तो आणखी एक पायरी उतरतो: 'ते ठीक आहे, पण मूळचे?' माझ्या लहानपणाची काही वर्षं उरणजवळच्या मोरा बंदरावर गेली. पुढे त्या बंदराचा इतिहास वाचत गेलो तसं मला वाटू लागलं की हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. कुटुंब कुठून आलं यावरून ते नव्या जागी रुजेल की नाही हे कळत नाही. मुलाचं नाव शाळेच्या पटावर किती दिवसांत चढलं, पहिला पगार कधी घरात आला आणि या दोन्हींसाठी लागणारा कागद कुणी दिला, हे विचारलं तर कळतं. उरण परिसरात हजार मैलांवरून आलेली माणसं वर्षभरात स्थिरावली, आणि काही किलोमीटरवरून हलवलेली माणसं चाळीस वर्षांत स्थिरावली नाहीत. हे कसं झालं, ते आज मांडायचं आहे.

मोरा हे उरणच्या उत्तर टोकाचं बंदर. समोर घारापुरीचं बेट आणि त्यापलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून लाँच साधारण तासाभरात इथे पोचते. आज पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिण्याची रीत पडली आहे, पण उरण म्हणजे एके काळी बेटच. जुन्या कागदपत्रांत त्याला 'कारंजा बेट' म्हटलेलं आढळतं. पोर्तुगीजांनी इथे अंमल केला, मग मराठ्यांनी, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानुसार साष्टीबरोबर कारंजाही इंग्रजांकडे राहिलं. म्हणजे पेशवाई बुडायच्या छत्तीस वर्षं आधीपासून इथे कंपनी सरकार होतं. इंग्रजी राज्यात उरण आधी ठाणे जिल्ह्यात होतं. १८८३ साली ते कुलाबा जिल्ह्याला जोडलं गेलं, आणि १९८१ साली कुलाब्याचंच नाव रायगड झालं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतली ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात आली. घराचा उंबरा न ओलांडता इथल्या कुटुंबांनी चार पत्ते पाहिले. अशा ठिकाणी 'मूळचे' या शब्दाला किती अर्थ उरतो, याचा विचार वाचकांनी करावा.

या बंदरावर माणसं येत राहिली ती कामामुळे. कोळ्यांची मासेमारी आणि आगऱ्यांची शेती व मिठागरं हा इथला जुना संसार. त्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने एक नवा धंदा फोफावला. त्याआधी गावोगावी मोहाची दारू गाळली जायची. सरकारने महसुलासाठी ती ठरावीक ठिकाणी गोळा केली, आणि मुंबईला पुरवठा करणाऱ्या भट्ट्यांसाठी उरण हे मोठं केंद्र झालं. भट्टीवाले बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातेतल्या पंचमहालांकडून आणि मध्य प्रांतातून यायची. मीठ आणि अबकारी या दोन खात्यांचे कारकून, शिपाई, निरीक्षक बदलीवर इथे येत, बिऱ्हाड थाटत आणि पुढची बदली झाली की सामान बांधत. मोऱ्याला बदलीवर आलेल्या बिऱ्हाडांची सवय तेव्हापासूनची.

धरमतरकडे जाणाऱ्या बोटींचा हा पहिला थांबा. मोरा, कारंजा, रेवस, धरमतर असा तो मार्ग. पेण, रोहा, माणगाव, महाड या भागांतला माणूस मुंबईला निघाला की धरमतरला येऊन बोट धरायचा. मोऱ्याला बोट लागली की मुंबई आलीच असं समजून लोक वळकट्या आवळायला लागत. रस्ते आणि एसटी येण्याआधी रायगडातल्या किती घरांनी अशी मुंबई पहिल्यांदा पाहिली असेल, त्याची गणती नाही. ही वाट धोक्याचीही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घरात पावसाळ्यात लाँचने जायचं म्हटलं की तीस वर्षांनंतरही कुणीतरी 'रामदास'चं नाव काढायचंच.

कोकणी मुसलमानांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आमच्याकडे परगावी जाणं नवीन नव्हतं, कुटुंबाने जाणं नवीन होतं. माझे दादा बोटीवर खलाशी होते. त्या काळच्या खलाशाजवळ 'नली' असायची, म्हणजे त्याने कुठल्या बोटीवर किती दिवस काम केलं याची नोंद असलेलं पुस्तक. ती नली हीच त्याची इस्टेट. बोट मुंबईला लागली की तो गावाच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकायचा. डोंगरी, माझगाव भागात अशा गावागावांच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पेट्या भिंतीला लावलेल्या, आणि कुणाच्याही पत्रावर पत्ता तोच. बायकामुलं मात्र म्हसळा, मुरुड, श्रीवर्धनच्या गावांत. पोस्टमन मनीऑर्डर आणायचा आणि गावातलं घर त्यावर चालायचं. माणूस जगभर फिरला तरी मुलाची शाळा आणि भाषा गावचीच राहायची. पुरुषाने मुलुखगिरी करायची आणि घर जागच्या जागी ठेवायचं, ही ती रीत.

ती रीत आमच्या घरात १९७९ साली मोडली. अब्बा माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. डोंगरीच्या खोलीत एकट्याने राहून त्यांना नऊ वर्षं झाली होती. बायकामुलांना आणायचं तर मुंबईत खोली हवी आणि खोलीला पागडी हवी. तेवढे पैसे जमवायचे तर गल्फला जायला हवं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या भागातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी दुबई-कुवेतला गेलं. अब्बांना पुन्हा समुद्रापार जाऊन घर सोडायचं नव्हतं. वर्कशॉपमधला एक आगरी सोबती रोज मोऱ्याहून लाँचने यायचा. त्याने सांगितलं, 'माझ्याकडे ये. भाडं आहे, पागडी नाही. आणि उतरलास की कामावर चालत जाशील.' ते खरं होतं. भाऊचा धक्का आणि माझगाव शेजारी शेजारी. त्या हिशोबाने आम्ही मोऱ्याला आलो.

कामाची बाजू अशी एका वाक्यात मिटली. तरी तिलाही भरती-ओहोटीचं पंचांग होतं. मोऱ्याच्या वाटेवर गाळ साठतो. ओहोटी मोठी असली की लाँच धक्क्याला लागू शकत नाही, ती भरतीची वाट पाहते. गेटवेकडून मांडव्याला जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद होतात, मोऱ्याची मात्र चालू राहते, कारण ती पर्यटकांची नसून चाकरमान्यांची आहे. तीन नंबरचा बावटा लागला की मग तीही बंद. त्या दिवशी अब्बा पलीकडे अडकून पडत आणि रात्री जमातीच्या खोलीत जुन्या जागी झोपत. अम्मीने कॅलेंडरवर तिथीवरून भरतीची वेळ काढायला शेजारणीकडून शिकून घेतलं, तेव्हा ती खऱ्या अर्थाने मोऱ्याची झाली असं मला वाटतं.

शाळेची बाजू मात्र सोपी नव्हती. गावात मी तिसरीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो होतो. मोऱ्यात चालत जाण्याच्या अंतरावर जी शाळा होती तिचं माध्यम मराठी. पुन्हा गावच्या शाळेचा दाखला आलेला नव्हता, कारण आम्ही वर्ष अर्ध्यावर सोडून आलो होतो. दोन महिने मी वर्गात बसलो, पण पटावर माझं नाव नव्हतं. गुरुजी हजेरी घेत, सगळी नावं संपत, आणि मग ते माझ्याकडे पाहून 'तू आहेस' एवढं म्हणत. त्या दोन शब्दांचं मोल मला फार उशिरा कळलं. नियमाने ते मला दारातून परत पाठवू शकले असते.

भाषेचा प्रश्न आमच्या एका घराचा नव्हता. तो शंभर वर्षं जुना होता. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन तैयबजींचं घराणं खंबायतहून आलेलं, गुजराती बोलणारं. त्यांच्याबरोबर कोकणी जमातीतले नाखुदा मोहम्मद अली रोगे होते. मुंबईतले मुसलमान तेव्हा कोकणी, गुजराती, कच्छी, दखनी अशा वेगवेगळ्या बोली बोलत. या सगळ्यांना एका शाळेत बसवायचं तर एक भाषा हवी, आणि ती उर्दू ठरली. तैयबजींच्या घराने स्वतःही गुजराती सोडून उर्दू धरली. शहरात नवीन आलेल्या, विखुरलेल्या समाजाला त्या निर्णयाने एकत्र आणलं, मुलांना शाळेच्या दारात आणलं, हे मान्य करायला हवं. पण कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली ही मराठीची सख्खी बहीण. त्याच्या मुलाला घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात-कचेरीत मराठी आणि नोकरीसाठी इंग्रजी अशा चार पायऱ्या चढाव्या लागल्या. गावात राहून हे निभत होतं. कुटुंब हललं की जवळची शाळा कुठल्या भाषेची आहे, यावर मुलाची भाषा ठरू लागली.

यात काही गमावलं का? गमावलं. माझ्या धाकट्या बहिणीला उर्दू वाचता येत नाही. दादांची पत्रं तिला मी वाचून दाखवतो. पण मिळालंही. ज्या मुसलमान लेखकांनी मराठीत लिहिलं, त्यांतल्या अनेकांच्या मागे गावातली किंवा बदलीच्या ठिकाणची अशी एखादी मराठी शाळा आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा बाहेरच्या अनेकांना नवल वाटलं होतं. मला वाटलं नाही. पटावर नाव नसताना ज्यांना वर्गात बसू दिलं गेलं, ती मुलं मोठी झाली होती, एवढंच.

आता दुसऱ्या स्थलांतराकडे येतो. आम्ही मोऱ्याला आलो तो काळ उरणच्या उलथापालथीचा होता. बॉम्बे हाय मधून १९७६ साली तेल निघू लागलं आणि त्यासाठी ओएनजीसीचा प्रकल्प उरणला उभा राहिला. वायूवर चालणारं वीज केंद्र आलं. कारंजाला नौदलाचा शस्त्रसाठा होताच. मग न्हावा-शेवा बंदराचं काम सुरू झालं आणि २६ मे १९८९ रोजी ते कार्यान्वित झालं. या सगळ्यांबरोबर देशभरातून कुटुंबं आली: बंगाली, मल्याळी, पंजाबी, बिहारी. त्यांच्यातल्या कायम नोकरदारांचं स्थलांतर कसं होतं पाहा. नेमणुकीच्या पत्राबरोबर घर, दवाखाना आणि शाळा मिळे. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरदारांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं आहेत. एका राज्यातला मुलगा वर्षाच्या मध्यात दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याचं पुस्तक तेच राहावं, हा त्यामागचा विचार. कारंजालाही तशी शाळा आहे. वडिलांची बदली झाली की मुलाचं काय, हा प्रश्न सरकारने आधी विचारला आणि आधी सोडवला.

त्याच सरकारच्या त्याच प्रकल्पांनी ज्यांना हलवलं, त्यांच्यासाठी हा प्रश्न कुणी विचारला? जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं, आणि भूसंपादनात विकसित जमिनीचा वाटा मागण्याचा पायंडा पडला. हे मोठं यश आहे. पण ते ज्याच्याजवळ सातबारा होता त्याचं. कोळ्याची शेती समुद्रात. तिचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे?

शेवा कोळीवाड्याची गोष्ट त्यासाठी समजून घ्यावी. बंदरासाठी हे गाव उठवलं गेलं आणि उरणजवळ बोरी इथे हनुमान कोळीवाडा म्हणून बसवलं गेलं. अंतर काही किलोमीटरचं. भाषा तीच, तालुका तोच, देव तेच. पण किनाऱ्यावरची माणसं किनाऱ्यापासून दूर गेली, जागा अपुरी पडली आणि घरांना वाळवी लागली. वाळवीने दारं-चौकटी, आढी पोखरली. पुनर्वसन पुन्हा करा, ही त्यांची मागणी चार दशकं चालू आहे. मधल्या काळात मुलं शिकली, काहींना बंदरात काम मिळालं, पण गाव 'तात्पुरतं' राहिलं. जन्मापासून तात्पुरत्या गावात वाढलेली मुलं आज स्वतः पालक झाली आहेत.

२०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे हिशोब केला तर तो ५ लाख ८४ हजारांच्या आसपास येतो. निकालाला पुढे आव्हान दिलं गेलं, ते वेगळं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सातबारा नसलेल्या माणसाचंही काम बुडतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते, हे तिथे कागदावर आलं.

ही दोन स्थलांतरं शेजारी ठेवली की 'उपरा' कोण याचं उत्तर बदलतं. कोलकात्याहून आलेल्या अधिकाऱ्याचं घर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लागलं. शेव्याचा कोळी आपल्याच तालुक्यात उपरा झाला. आणि आमच्यासारखे मधले, ज्यांना ना नेमणुकीचं पत्र ना प्रकल्पग्रस्ताचा दाखला, ते एका सोबत्याच्या शब्दावर आणि एका गुरुजींच्या 'तू आहेस'वर उभे राहिले.

मुसलमान वाचकांना इथे हिजरतीची आठवण होईल. इसवी सन ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला आलेल्यांजवळ काही नव्हतं. पैगंबरांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्सारीशी भावाची जोडी लावून दिली. आपण ती कथा बहुतेक वेळा औदार्याची म्हणून सांगतो. तिचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. साद बिन रबी आपली अर्धी मालमत्ता द्यायला निघाले, तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ यांनी दुवा दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. दोन वर्षांनी बद्रच्या लढाईनंतर, ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होतं त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावं आणि सुटावं, असा तह झाल्याचं सीरतच्या ग्रंथांत सांगितलं आहे. आलेल्या माणसाला बाजार दाखवायचा आणि मुलांना अक्षर द्यायचं, कामाची आणि शाळेची सोय लावायची. चौदाशे वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणला लोकलही पोचली. मोऱ्याची लाँच अजून चालते, पण उरण आता बेट राहिलेलं नाही. कंटेनर यार्डात, गोदामांत, बांधकामांवर काम करणारी नवीन कुटुंबं रोज येतात. त्यांत उत्तर प्रदेशातले, मराठवाड्यातले, झारखंडातले लोक आहेत. त्यांतल्या मुसलमान कुटुंबांना घर भाड्याने मिळताना जो अनुभव येतो, तो २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेला आहे. मलाही तो आला आहे. एका दलालाने फोनवर ठरवलेलं घर माझं नाव ऐकून 'आत्ताच गेलं' म्हणून सांगितलं.

पण शाळेच्या बाबतीत आज एक फरक आहे, आणि तो अनेक पालकांना ठाऊक नसतो. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नवी शाळा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. १९७९ साली जे एका गुरुजींच्या मनावर होतं, ते आज कायद्यात आहे. फक्त शाळेच्या कार्यालयात जाऊन ते सांगणारं कुणीतरी बरोबर हवं. परप्रांतातून आलेली, मराठी न येणारी आई तिथे एकटी गेली तर 'कागद घेऊन या' एवढं ऐकून परत येते, आणि मुलाचं वर्ष जातं.

आपल्या मोहल्ल्यांत, जमातींत निकाहाची, मय्यतीची, इफ्तारची व्यवस्था चोख असते. जून महिन्यात नव्याने आलेल्या घरांची यादी करून, प्रत्येक मुलाबरोबर शाळेत जाणाऱ्या दोन माणसांची व्यवस्थाही त्यात बसू शकते. त्या यादीत धर्म लिहायची गरज नाही. मोऱ्याला आमची सोय लावणारा माणूस आगरी होता आणि गुरुजी कोळी होते. आम्ही मूळचे कुठले, हे त्या दोघांनीही विचारलं नव्हतं.